उलट बाजूचा तास

मुलीने पदवीसाठी जर्मन भाषा आणि संस्कृती हा विषय घेण्याचे ठरवले, तेव्हा भाषांतरकाराला आधी हसू आले, मग राग आला, आणि ही दोन्ही ओसरल्यावर मनाच्या तळाशी जे उरले त्याला नेमके नाव देणे त्याच्यासारख्या शब्दांच्या पारख्यालाही जमेना. तीच पदवी त्याने घेतली होती आणि त्याच भाषेवर उभा जन्म काढला होता. एके काळी तो यंत्रांबरोबर येणाऱ्या जर्मन माहितीपुस्तिकांचे भाषांतर करी. आता ते काम संगणक करी, आणि संगणकाने करून ठेवलेले हा निस्तरी. वॉशिंग मशीनचा ड्रम फिरायचा थांबेपर्यंत झाकण उघडू नका, एवढी साधी सूचना. पण संगणक झाकण फिरायचे थांबेपर्यंत ड्रम उघडू नका असे लिहून मोकळा होई. मग याने झाकण झाकणाच्या जागी आणि ड्रम ड्रमच्या जागी नेऊन बसवायचा. दिवसभर असली उस्तवार करून तो जेवायला बसला असताना मुलीने ताटावरची नजरही न उचलता सांगितले होते, की तिला जर्मन शिकायचे आहे.

त्यानंतर कित्येक दिवस घरातल्या वादाला खळ नव्हता. भाषांतरकाराचा स्वभावच वादाचा. मुद्दा झटकून, घडी घालून समोरच्यापुढे ठेवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्याने नोकऱ्यांचा मुद्दा मांडला, संगणकाचा मांडला, आपल्या वर्गातली मंडळी कुठे कुठे जाऊन पडली त्याचा पाढा वाचला: एकजण विम्यात, एकजण विमानतळावर सामान तोलायला, एकीने तर भाषेचे नाव टाकून रोपवाटिका काढली. मुलगी सगळे ऐकून घेई आणि पुन्हा मूळपदावर येई. भाषांतरकाराची बायको रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करी आणि पुराव्यावाचून मत देत नसे. घरात एक जर्मन पुरे आहे, दुसऱ्याला कपाट रिकामे नाही, एवढे बोलून तिने अंग काढून घेतले होते. शेवटी एके दिवशी मुलगीच वैतागून म्हणाली, "बाबा, तू स्वतः पोटभर जेवून उठलास आणि मला सांगतोस, आज स्वयंपाक बिघडलाय."

बायको खुदकन हसली. तिसऱ्या माणसाचे हसणे हा काही मुद्दा नव्हे, हे भाषांतरकाराला ठाऊक होते. पण वाद हरल्याची खूण तीच, हेही ठाऊक होते. त्याने तह केला. विभागात प्रवेशाच्या मुलाखती अजून बाई घेत. बाई म्हणजे त्याला जर्मन शिकवणाऱ्या बाई. निवृत्त होऊन काळ लोटला, तरी मुलाखतींना विभाग त्यांनाच बोलावी, कारण नाही म्हणण्याची त्यांची हातोटी मागून आलेल्यांपैकी कुणाला साधली नव्हती. बाई जे ठरवतील ते दोघांनी निमूट मान्य करायचे, असे ठरले.

तह वरून उदार दिसत होता. आत मेख होती.

बाईंच्या हाताखाली जे शिकले ते बुधवारचा तास जन्मात विसरायचे नाहीत. त्या तासाला वाद होई, तो जर्मनमध्ये होई, आणि त्याला एकच नियम असे: ज्याचे जे मत, त्याने त्याच्याविरुद्ध बोलायचे. ज्याला शहर आवडे त्याने खेड्याची बाजू घ्यायची. जो देव मानी त्याने देवाला मोडीत काढायचे. स्वतःचे मत मांडताना माणूस भाषेकडे बघत नाही, मताच्या जोरावर ती रेटून नेतो, असे बाईंचे म्हणणे. न पटलेले बोलायचे म्हटले की एकेक शब्द हातात घेऊन पारखावा लागतो. मुले त्याला उलट बाजूचा तास म्हणत. गंमत अशी, की त्या तासातून बाहेर पडताना पुष्कळांची मते खरोखरच उलटलेली असत. लग्नाच्या नावाने सदा आग ओकणाऱ्या एका पठ्ठ्याने एका बुधवारी लग्नाची बाजू इतकी कळवळून मांडली, की पुढच्या सुट्टीत त्याने लग्नच उरकून टाकले.

मुलाखतीतही बाईंचा शिरस्ता हाच. जर्मन शिकायला आलेल्या उमेदवाराला त्या जर्मन का शिकू नये ते सांगायला लावीत. तेव्हा भाषांतरकाराचा बेत सरळ होता. मुलगी बुद्धीने तल्लख, जिभेला धार. विरोधात बोलायला लागली की आपले मत आपणच मुळापासून कापून टाकील. बापाला इतक्या दिवसांत जे साधले नाही ते तिची जीभ घटकाभरात साधून देईल, आणि बापाच्या माथी दोषही यायचा नाही.

मुलाखतीच्या सकाळी दोघे वाङ्मय शाखेच्या इमारतीचा जिना चढू लागले. विभाग पूर्वीसारखाच सर्वांत वरच्या मजल्यावर होता. ज्या विषयाला विद्यार्थी कमी त्याला उंचावर चढवून ठेवायचे, ही विद्यापीठांची जुनी खोड असावी. वर पोहोचल्यावर मधल्या खोलीच्या दारात भाषांतरकार थबकला. इथे पूर्वी टेपरेकॉर्डर मांडलेले असत. फिती वापरून वापरून इतक्या सैल झाल्या होत्या, की त्यांतले जर्मन लोक नुकतेच झोपेतून उठल्यासारखे बोलत, आणि पुढे खरा जर्मन माणूस पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा त्याची गाडी सुटत असावी असे सगळ्या वर्गाला वाटले होते. इथेच बाईंनी पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या हाती एकेक छोटा आरसा दिला होता. ओठांचा चंबू करायचा, जिभेने आतल्या आत भलताच स्वर म्हणायचा, आणि साधले की नाही ते आरशात बघायचे. अख्खा वर्ग आपापल्या प्रतिबिंबाशी लाडीगोडी करीत बसलेला बघायला अर्थशास्त्राची मुले दाराशी गर्दी करीत. आता खोलीत पांढरी टेबले होती आणि भिंतीवर मोठा पडदा होता.

"इथे आम्ही ओठ शिकलो," तो मुलीला म्हणाला.

मुलीने चमकून त्याच्याकडे बघितले.

"उच्चार," त्याने घाईने दुरुस्त केले. "उच्चार शिकलो."

व्हरांड्याच्या खिडकीतून खालचे आवार दिसत होते. ते पाहिले आणि त्याला गाव आठवले. गाव म्हणजे पाठ्यपुस्तकातले गाव. ते पुस्तक त्याच्याही आधीच्या जमान्यात छापलेले होते आणि त्यातला प्रत्येक पाठ एकाच जर्मन गावात घडत असे. स्टेशनातून बाहेर पडले की दुतर्फा झाडांचा रस्ता, मग पूल, पुलापलीकडे डावीकडे बेकरी, तिच्या समोर घड्याळजीचे दुकान, आणि वरच्या मजल्यावर सदा कुरकुरणारी घरमालकीण. असे गाव नकाशावर कुठेच नव्हते. पण वर्गातल्या मुलांचा मुक्काम तीन वर्षे तिथेच होता. त्यांनी ते गाव या आवारावर पांघरले होते. वाचनालय म्हणजे घड्याळजीचे दुकान, उपाहारगृह म्हणजे बेकरी, आणि शुल्कखिडकीवरच्या बाई म्हणजे अर्थातच घरमालकीण. दुपारी पुलावर भेटू, असे एकमेकांना सांगून ती मुले सायकली लावायच्या जागेपाशी जमत, आणि नदी सोडा, तिथे साधा नळही नव्हता. तिथे उभे राहून त्यांनी जे वाद घातले तसले वाद भाषांतरकाराला पुन्हा घालायला मिळाले नाहीत. माणसे मिळाली, मुद्दे मिळाले. तो पूल मिळाला नाही.

आतून बोलावणे आले. तो बाहेरच थांबणार होता, पण उघड्या दारातून बाईंचा आवाज आला, "शब्दकोश आलाय वाटतं. ये रे. बाहेर उभं राहून काय शब्द मोजतोयस?"

कुठल्याही शब्दाचे चार अर्थ सांगितल्याखेरीज तो उत्तर देत नसे, म्हणून वर्गाने त्याचे हे नाव ठेवले होते. बाई वयाने आक्रसल्या होत्या; चष्म्याच्या काचा जाड झाल्या होत्या, पाठीचा कणा मात्र होता तसाच ताठ होता. विभागाचे नवे प्रमुख शेजारी बसले होते, पण दुसऱ्याच्या वर्गात पाहुणा बसतो तसे. भाषांतरकार मागच्या खुर्चीवर टेकला. बाईंनी मुलीला नियम समजावून सांगितला. मुलगी जराशी गोंधळली, मग तिने मान डोलावली. सगळे बेताप्रमाणे चालले होते.

"आणि तुझं मत काय रे?" बाईंनी मध्येच विचारले. "पोरीनं हे शिकावं?"

खोटे बोलण्याचे कारण नव्हते. हिने ही पदवी घेऊ नये असे आपले स्पष्ट मत आहे, असे त्याने सांगितले.

"छान. मग पुढे येऊन बस. तू बाजूनं बोलायचं."

 नियमाचा एक भाग भाषांतरकाराने बेतातून साफ गाळला होता: बाईंच्या तासाला वाद कधी एकट्याने होत नसे. त्याच्या स्वतःच्या मुलाखतीला बरोबर कुणी आलेले नव्हते, म्हणून समोरची बाजू बाईंनी स्वतः घेतली होती. आणि त्या दिवशी जर्मनच्या विरोधात त्याला एकही मुद्दा सुचला नव्हता. तो नुसता घाम पुसत बसला होता. त्याने प्रतिवाद करून पाहिला, की उमेदवार ती आहे, आपण नव्हे. बाई म्हणाल्या, इतकी वर्षे शिकून तुला नियम पाठ नसेल तर पोरीचा विरोध मी आत्ताच मान्य करते. प्रमुखांनी हसू दाबले. तो उठून पुढे बसला.

आधी मुलगी बोलली. बापाचे सगळे मुद्दे, नोकऱ्यांचा, संगणकाचा, रोपवाटिकेचा, तिने एका दमात सांगून टाकले, जशी बाजारातून आणलेली पिशवी ओट्यावर उपडी करावी. आपले घासूनपुसून ठेवलेले मुद्दे परक्या तोंडून इतके किरकोळ वाटतील याची त्याला कल्पना नव्हती. मग ती क्षणभर थांबली.

"हे सगळं बाबाचं झालं," ती म्हणाली. "आता माझं. आमच्या घरात ही भाषा आहे, पण ती कुणाशीच बोलली जात नाही. बाबा भाजी चिरताना पुटपुटतो. गाडी धुताना पुटपुटतो. आईला ती येत नाही, मला त्यानं शिकवली नाही. लहानपणी विचारलं की म्हणायचा, काही नाही, कामाचं आहे. तो असा पुटपुटायला लागला की घरातच असतो, पण शेजारच्या खोलीत गेल्यासारखा वाटतो. जी भाषा शिकून माणूस आपल्याच माणसांपासून एक खोली लांब जातो, ती कशाला शिकायची?"

भाषांतरकाराने मान वर केली नाही. पुटपुटताना आपण घरच्यांपासून लांब जातो, हे त्याला आजवर कुणी सांगितले नव्हते.

"आणि दुसरं. त्याचं जुनं पुस्तक मी बघितलंय. चित्रं बघितली आणि फोनवर अर्थ लावत पाठ वाचले. त्यात एक गाव आहे. सगळे पाव घेतात, पत्रं टाकतात, एकमेकांना रस्ता सांगतात. पुस्तक छापलं तेव्हा दुसरं महायुद्ध संपून फार काळ झालेला नव्हता. पण त्या गावात एकही पडकं घर नाही. कुणाचं कुणी गेलेलं नाही. शेजारी पूर्वी कोण राहत होतं, ते कुठे गेले, असं एकही माणूस विचारत नाही. असं धुऊन पुसून ठेवलेलं गाव शिकवणार असाल, तर मी नाही शिकणार."

 बाईंनी चष्मा काढून पुसला, डोळ्यांवर चढवला आणि त्या भाषांतरकाराकडे वळल्या. तो जर्मनमध्ये सुरुवात करू लागताच त्यांनी हाताने थांबवले. आपल्या भाषेत बोल, हिला कळायला हवे.

त्याने सुरुवात रीतसर केली. तत्त्वचिंतनाची परंपरा, गद्याची शिस्त, विज्ञानाचा इतिहास, असे तीन खांब रोवून तो वर छप्पर घालणार, तोच बाई म्हणाल्या, हे विभागाच्या माहितीपत्रकात आहे, आणि तेही मीच लिहिलेय. तुझे बोल.

मग त्याने, का ते त्यालाही कळले नाही, पहिल्या प्रवासाची गोष्ट काढली. तो तेव्हा ज्या कारखान्यात नोकरीला होता त्याने नवे यंत्र घेतले होते आणि ते शिकून घेण्यासाठी दोन इंजिनियरांबरोबर त्याला दुभाषा म्हणून एका छोट्या जर्मन गावाला धाडले होते. ही गोष्ट मुलीने विनोद म्हणून पुष्कळदा ऐकलेली होती: स्टेशनातून बाहेर पडताच हा कुणालाही न विचारता ताडताड चालू लागला, कारण समोर झाडांचा रस्ता होता. झाडांच्या रस्त्यानंतर पूल लागणारच, पुलानंतर डावीकडे वळले की गावाचा मध्य. पूल लागलाही. हा डावीकडे वळला, सामान ओढीत इंजिनियर मागे, आणि सगळी वरात जाऊन पोहोचली एका दफनभूमीच्या फाटकाशी. ज्या गावात त्याने पाऊल ठेवले नव्हते त्याचे रस्ते त्याला पाठ होते; फक्त ते दुसऱ्या गावाचे होते. घरी सांगताना तो गोष्ट इथेच संपवी, आणि सगळे हसत.

आज तो थांबला नाही.

"फाटकाजवळ एक म्हातारा कुंपणाची झुडपं कापत होता," तो म्हणाला. "मी त्याला रस्ता विचारला. चौथ्या पाठात विचारतात तसाच. दुसरं वाक्य मला येत होतं कुठे? त्यानं कात्री खाली ठेवली, टोपी मागे सारली आणि सांगितलं, सरळ जा, मग दुसऱ्या वळणाला डावीकडे, फार लांब नाही. बाई, चौथ्या पाठातलं उत्तर. अक्षरशः तेच. इंजिनियर विचारतायत, अहो काय म्हणाला, काय म्हणाला; आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी मी म्हटलं, चौथा पाठ. त्यांना वाटलं मला ऊन लागलं." तो थांबला.  "त्या म्हाताऱ्यानं पुस्तक वाचलेलं नव्हतं. त्याला खरंच मला रस्ता सांगायचा होता. इतकी वर्षं आरशात बघून, वरच्या मजल्यावर बसून जे म्हणत होतो, ते कुणीतरी ऐकलं आणि उत्तर दिलं. त्यानंतर मी कितीतरी भाषांतरं केली. तसं पुन्हा झालं नाही. पण एकदा झालं. हिचंही एकदा व्हावं."

 मुलगी बापाकडे बघत होती. हा भाग तिने कधी ऐकलेला नव्हता.

बाईंनी तिला सांगितले, उलट पुरे झाले, आता खरे काय ते एका वाक्यात सांग. मुलीने जरा विचार केला. पुस्तकात जी घरे काढलेलीच नाहीत, त्यांच्याबद्दल तिथले लोक आज आपल्या मुलांशी काय बोलतात, ते त्यांच्याच तोंडून ऐकायचे आहे, असे ती म्हणाली.

"हिला मी घेते," बाई प्रमुखांना म्हणाल्या. मग भाषांतरकाराकडे वळून, अगदी सहज, "तुला मात्र आज घेतलं नसतं."

"का?" त्याचा वादी स्वभाव उसळून वर आला. "मुद्दा चुकला का माझा?"

"मुद्दा सुंदर होता. पण पोरीला पुढे जायचंय, आणि तुला परत यायचंय. परतीचा प्रवेश विभाग देत नाही, शब्दकोशा. द्यायला लागला तर पहिली मीच रांगेत उभी राहीन."

या विधानाचे खंडन त्याला तिथल्या तिथे दोन अंगांनी सुचले. बाईंच्या चेहऱ्याकडे बघून त्याने दोन्ही गिळली, आणि तो उठला. दारापर्यंत गेल्यावर बाईंनी मागून विचारले, अजून पुटपुटतोस का रे? त्याने मान डोलावली. बरेय, त्या म्हणाल्या. मी पण.

खाली आवारात येताच मुलीने आईला फोन लावला. घेतले म्हणून सांगितले, बाबा हरला म्हणून सांगितले, मग जिंकला म्हणून सांगितले, मग दोघांनी उलट बोलायचे होते हे समजावताना तिचाच गुंता झाला आणि घरी आल्यावर सांगते म्हणून तिने फोन ठेवला. मग ती बापाशेजारी मुकाट्याने चालू लागली. उन्हाने रस्ता पांढरा दिसत होता. भाषांतरकाराच्या मनात पहिल्या वर्षाची आखणी केव्हाच सुरू झाली होती: कोणते व्याकरण आधी, कोणता कोश घ्यायचा, रोज जेवणानंतर किती वेळ बसायचे.

"रागावलास?" तिने विचारले.

त्याने नकारार्थी मान हलवली.

"मग एक अट आहे. घरी मला शिकवायचं नाहीस. मी चुकले तरी दुरुस्त करायचं नाहीस. दिवसभर तू चुकाच काढत असतोस, बाबा. माझ्या चुका मला राहू देत. मला बोलावंसं वाटेल तेव्हा मी आपणहून तुझ्याशी बोलेन त्या भाषेत. तोवर तू थांबायचं."

"किती दिवस?"

"मला काय माहीत? मी अजून पहिल्या पाठावर पण नाही."

भाषांतरकाराने रस्त्याकडे पाहिले. घरात दुसरा माणूस येणार, ज्याला ही भाषा कळणार. आणि त्या माणसासमोर याने तोंड मिटून बसायचे. अट अन्यायाची होती. पहिल्या वर्षातल्या चुका वेळीच दुरुस्त केल्या नाहीत तर त्या हाडात मुरतात, याला पुरावे होते, दाखले होते, स्वतः बाईंचे मत होते. हे सगळे क्रमवार लावून तो मांडू शकला असता, आणि या वेळी बहुधा जिंकलाही असता.

"थांबेन," तो म्हणाला.

पुढे काहीतरी येईल म्हणून मुलगी थांबली. काही आले नाही. तिने त्याच्या चेहऱ्याकडे जरा वेळ निरखून बघितले, मग त्याच्या दंडाला धरले, आणि दोघे रस्ता ओलांडून बसच्या थांब्याकडे निघाले.